कॅसेटमधली मरीआई

कवठे महांकाळच्या बाळाबाईनं चाळीस वर्षांनी मरीआईचं गाणं म्हटलं, आणि मायाच्या टेपरेकॉर्डरनं ते गिळलं. बौद्ध झालेल्या घरांनी मागं काय सोडलं, हाच मायाचा अभ्यास. कॅसेट साताऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरवर चढणार होती. तेवढ्यात म्हातारीचा लेक केरू दारात उभा राहिला. “छप्पन साली बानं देव नदीत सोडलं. तू मशिनीत घालून परत आणतीस व्हय गं? उद्या गाव म्हणंल, यांची मरीआई हायच घरात!” “आवं काका, आजीबिगर हे गाणं कुणालाच येत न्हाई.” “मग पूसच ते.” मायाच्या बानंही असेच देव सोडलेले. तिनं कॅसेट मागं गुंडाळून टेपरेकॉर्डर केरूपुढं ठेवला. गाणारीला कुणी विचारलंच नाही. पुसायचं म्हणजे गाण्यावर शांतता भरायची. केरूनं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. कॅसेट फिरू लागली. आपला आवाज आत जाऊ नये म्हणून बाळाबाईनं पदर तोंडात कोंबला.