रिकाम्या होडीचं वजन

पाणी होडीवर आखलेल्या पाणरेषेपेक्षा करंगळीच्या जाडीइतकं वर होतं. लेकीने छोट्या डोंगीतून होडीभोवती फेरी मारली. पुढच्या टोकाशी पाहिलं, मागच्या टोकाशी पाहिलं, मग डावीकडे आणि उजवीकडे. सगळीकडे तेवढंच. होडी जराही कललेली नव्हती. नुसती जड झाली होती.

धक्क्यावर तिचे वडील उकिडवे बसून मान वाकडी करकरून बघत होते. भिंतीवरची तसबीर तिरकी आहे का, ते बघावं तसे.

“सरळ कशी काय तरंगतेय ही?” ते पुटपुटले.

“वाकडी तरंगायला हवी होती का, बाबा?”

बाबा एकदम घसा साफ करू लागले.

होड्या बांधण्याची ती गोदी त्यांची. “ही आपली होडी झाली की गोदी तुझी. मग मी आणि तुझी आई पाण्यावर भटकायला मोकळे,” असं ते लेकीला तिचं शिक्षण संपल्यापासून सांगत आले होते. गोदीचं सगळं काम लेक केव्हाच बघू लागली होती. किल्ल्यांचा जुडगा मात्र बाबांच्याच कमरेला. आणि होडी म्हणजे नकटीचं लग्न. एका वर्षी कठडा उखडला, मग सुकाणू बदललं, ते पुन्हा बदललं, मग रंगच मनासारखा बसेना. शेवटी लेकीनेच हट्टाने सरकारी मोजणीचा दिवस ठरवला. होडी पास झाली की सबबी संपल्या.

मोजणीसाहेब टेप गुंडाळत आले. “लांबी, रुंदी, खोली, सगळं नकाशाबरहुकूम. पण मॅडम, रिकामी होडी पाण्यात एवढी खाली बसत नाही. वजनाचं गणित कुणी केलंय?”

“मी.”

“मग चुकलंय.”

बाबांचा चेहरा उजळला. “असू दे, असू दे. पुढच्या वर्षी बघू. घाई कुणाला आहे?”

लेकीने मनात पुन्हा बेरीज केली. बेरीज तीच आली. आणि गणितच चुकलं असतं, तर होडी सरळ तरंगते याचं बाबांना नवल का वाटावं? ती उडी मारून होडीवर चढली आणि तिने डाव्या बाजूची तळफळी उचलली. मोजणीच्या दिवशी होडीत किटलीसुद्धा ठेवायची नाही, हा नियम बाबांनीच गोदीला घालून दिला होता. फळीखाली शिशाच्या विटा गोणपाट पांघरून ओळीने निजल्या होत्या.

“बाबा!”

“अगं, थोड्याशाच आहेत,” होडीवर येत बाबा म्हणाले. “जराशी कलली असती, बाकी काही नाही.” मग त्यांच्यातला कारागीर दुखावला. “पण कलली का नाही?”

लेकीने उजवी फळी उचलली. तिथे शिलाई मशीन होतं, पुस्तकांची खोकी होती, स्टोव्ह होता, दोन ट्रंका होत्या.

“काल तुमची चोरटी हमाली खिडकीतून बघितली मी,” आई धक्क्यावरून शांतपणे म्हणाली. “म्हटलं, आपलंही सामान कधीतरी न्यायचंच आहे. पाणसळेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ठेवत गेले.”

मोजणीसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

बाबांनी वाकून एक ट्रंक उघडली. कपडे आईचे. चष्मा तिचा. लोकरीची टोपी तिची. त्यांनी दुसरी उघडली.

“उशी एकच?”

“एक डोकं, एक उशी.”

“म्हणजे?”

“म्हणजे होडी पास झाली की मी निघते. तुमच्यासाठी थांबले असते हो, पण माझे गुडघे थांबायला तयार नाहीत. तुम्ही या सावकाश.”

“आणि होडी चालवणार कोण?”

“दोनदा सुकाणू बदललंत. दोन्ही वेळा चाचणीला ते धरलं कुणी होतं?”

बाबांनी उशीवरची नसलेली धूळ झटकली.

“काय ठरलं मग?” मोजणीसाहेबांनी विचारलं. “रिकामी करून आज पुन्हा मोजू, की पुढच्या वर्षी येऊ?”

बाबा डाव्या बाजूला गेले, गुडघे टेकून बसले आणि त्यांनी शिशाची एक वीट उचलून लेकीच्या हातात दिली.

“धर. सगळ्या उतरवून घे,” ते म्हणाले. “गोदीचं शिसं आहे हे. म्हणजे आजपासून तुझं.”