दार कुठल्या बाजूला उघडतं

वायरकाकांनी तीच वायर तिसऱ्यांदा काढली आणि पुन्हा लावली. पडद्यावर काहीच बिघडलं नव्हतं. चौथीचा वर्ग संगणकाच्या खोलीत येऊन बसत होता. दोघांत एक संगणक, त्यामुळे ढकलाढकली चालली होती. "सरक ना जाड्या, अर्धी खुर्ची माझी आहे!"

मुख्याध्यापिका दाराशी उभ्या होत्या. घाई करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण हलल्याही नाहीत.

वायरकाका हे नाव मुलांनीच ठेवलेलं. ते शाळेचे संगणक दुरुस्त करत. चौथीला भाषा शिकवणाऱ्या बाई म्हणजे त्यांची बायको. काल संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"बाईंच्या नावानं मुलांना अजून उत्तरं जातायत. कोण लिहितंय हे मी विचारत नाही, मला कळतं. पण आता परीक्षा झाली, परवापासून नव्या बाई येतायत. बाईंचं ते खातं उद्या बंद करा. आणि मुलांना तुम्हीच सांगा."

"मी?"

"मग काय, संगणक सांगणार आहे?"

बाईंची शिकवण्याची रीत अशी होती. मुलांनी संगणकावर पाच-सहा ओळी लिहायच्या. खालच्या चौकटीत हिरव्या अक्षरांत बाईंचं उत्तर यायचं. त्यात शाबासकी नसायची, एक प्रश्न असायचा. त्याचं उत्तर द्यायला मुलाला पुन्हा लिहावंच लागायचं, आणि बघता बघता पाच ओळींचं पान भरायचं. आजारी पडल्यावरही बाई अंथरुणातून प्रश्न पाठवत राहिल्या. बाई घरून शिकवतायत, एवढंच मुलांना ठाऊक होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, लहान आहेत अजून, परीक्षा होऊ दे, मग सांगू.

पण मुलांनी पहिल्याच दिवशी लिहून पाठवलं होतं. मधल्या सुट्टीत खोली रिकामी असताना वायरकाकांनी ते उघडलं. वर्गातल्या चष्मेवालीनं लिहिलं होतं, आमची मांजर रात्रभर बाहेर राहिली. खालची चौकट कोरी होती. वायरकाका त्या चौकटीकडे बघत बसले. बाईंनी काय विचारलं असतं? त्यांना काही सुचेना. जन्मभर पेचकस हातात धरलेला माणूस. शेवटी त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "दार कुठल्या बाजूला उघडतं?"

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीचं उत्तर हजर होतं. दार आत उघडतं, म्हणून मांजरीला ते ढकलता आलं असतं, पण कडी लावली होती आणि ती मीच लावली होती.

त्या दिवसापासून ते चालूच राहिलं. भाषेचा तास आठवड्यातून एकदाच. तरी रोज सकाळी घंटेच्या आधी कुणी ना कुणी येऊन काहीतरी लिहून जायचं, आणि मधल्या सुट्टीत वायरकाका त्याला उत्तर द्यायचे. बाईंवर किती जीव आहे पोरांचा, असं त्यांना वाटायचं. आता ते तोडायचं होतं. ही पोरं आपल्याला खोटारडा म्हणतील, त्याचं काही नाही. पण ती लिहायची थांबली तर? बाईंनी उभं केलेलं सगळं आपल्या एका वाक्यानं आडवं होईल. आणि मधल्या सुट्टीत मग आपण काय करायचं, हे तर ते स्वतःलाही विचारत नव्हते.

"बोला," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

वायरकाका फळ्यासमोर गेले. परत आले. कडेच्या संगणकाची वायर हातात घेतली.

"मुलांनो, तुमच्या बाई आता नाहीत. सुट्टीतच गेल्या. नंतरची उत्तरं त्यांची नव्हती. मी लिहीत होतो."

कुणी रडलं नाही. जाड्यानं चष्मेवालीकडे बघितलं. ती उभी राहिली.

"माहितीये आम्हाला, काका."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आईला बाजारात कळलं होतं. पण तसंही कळलंच असतं. बाई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, मांजर परत आल्यावर तू तिला काय म्हणालीस? तुम्ही विचारलंत, दार कुठल्या बाजूला उघडतं."

"मला विचारलं, सहलीच्या बसला मागची काच होती का!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आणि मला, आजोबांच्या खुर्चीला स्क्रू आहेत की खिळे!" जाड्या म्हणाला. "मी खुर्ची उलटी करून बघितली. आजोबा बसले होते तिच्यावर!"

वर्ग खदखदून हसला. मुख्याध्यापिकांनी तोंडावर हात धरला. वायरकाकांना मात्र हसू आलं नाही.

"माहिती होतं, तर मग रोज लिहून कशाला पाठवत होतात?"

चष्मेवाली त्यांच्या हातांकडे बघत होती. बोलता बोलता त्यांनी वायर उपसली होती आणि कडेचा पडदा काळा झाला होता.

"मधल्या सुट्टीत आम्ही खिडकीतून बघतो ना," ती म्हणाली. "उत्तर लिहायला बसलात की तुम्ही उगाच वायरी काढत नाही. म्हणून आम्ही नंबर लावलेत, काका. आज माझा आहे."