मारलेला वजीर

वकीलसाहेब पटावर कमी आणि समोरच्याच्या डोक्याशीच जास्त खेळायचे. गेल्या वर्षी असल्याच चाळ्यांनी त्यांनी गणिताच्या बाईंच्या नवऱ्याला इतकं खच्ची केलं, की त्यानं बुद्धिबळच सोडलं. आज अंतिम सामन्यात समोर स्वतः बाई होत्या. त्यांचा वजीर मारून साहेब तो त्यांच्याच नाकासमोर बोटांत गरगर फिरवत बसले. "सोडा आता, बाई. वजीर गेल्यावर उरलंय काय?" आठवीच्या मागच्या बाकावरची कार्टी याहून बरे चाळे करतात, असं मनाशी म्हणत बाई एक प्यादं शांतपणे पुढे ढकलत राहिल्या. साहेब वजीर नाचवण्यातच दंग. प्यादं शेवटच्या घरात शिरलं. बाईंनी तळहात पुढे केला. "आणा इकडे. प्याद्याचा वजीर झालाय." साहेबांच्या घामानं भिजलेला वजीर बाईंनी रुमालानं पुसून पटावर ठेवला. "मात," म्हणाल्या आणि रुमाल केराच्या टोपलीत टाकून निघाल्या.