नाव घातलेली डिस्क

"घासून चालू होईल ना?" वरच्या मजल्यावरच्या कुमुदताईंनी सुनेच्या व्हिडिओ गेमची डिस्क पुढे केली. ओरखडे मी घरीच घालवते, पण चकचकीत बाजूचे. कुमुदताईंनी तर भांड्यांच्या दुकानात नेऊन छापील बाजूवर मशीननं सुनेचं नाव घालून आणलं होतं.

"पाहुण्यांची मुलं पळवतात हो," त्या म्हणाल्या.

"गेम त्या छपाईखालीच असतो, ताई. गेला तो."

तेवढ्यात सून जिना उतरून आली. लग्नानंतर तिनं माहेरचं आडनाव सोडलं नाही, तेव्हापासून दोघींत अबोला. आता भांडण सोडवायला मीच, म्हणून मी हात पुसले.

तिनं डिस्क उजेडात धरली. "शलाका टेंबे," तिनं वाचलं.

"हेच लावतेस ना?" कुमुदताई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"हो. पण आई, पुढच्या वेळी ताटावर घाला."