कॅसेटच्या कडेला

"सुई टेपला लागणार नाही ना?" सूक्ष्मदर्शकाच्या बारीक सुईकडे बघत झुबेदाबींनी पुन्हा विचारलं.

"पहिल्या फेरीत ती अलगद चाचपते, मावशी. दुसऱ्या फेरीत जराशी वर उचलून फिरवतो. तेव्हा तिला फक्त चुंबकाची ओढ जाणवते," अश्लेषा म्हणाली. पुसलेले आवाज शोधायला लोक रोज तिच्या प्रयोगशाळेत कॅसेटी घेऊन येत.

ही कॅसेट रत्नागिरी आणि कुवेतमध्ये वर्षभर फिरली होती. तिकडे नोकरीला गेलेल्या नवऱ्याने, युसूफने, बोलून पाठवायची, झुबेदाबींनी ऐकून त्याच टेपवर आपलं बोलणं भरून परत धाडायची. ती शेवटची आली आणि मागोमाग युसूफ गेल्याची तार. "मी मजेत आहे," एवढंच तिच्यात होतं. त्याखाली अम्मीचा आवाज असेल आणि त्यात आपलं तान्हेपणीचं रडणं, या आशेने लेक नसीमा आईला इथे घेऊन आली होती.

पडद्यावर काळेपांढरे पट्टे उमटले. टेपच्या कडेला पुसल्या गेलेल्या आवाजाची बारीक रेघ उरली होती. अश्लेषाने ती ऐकवली.

"झुबेदा, छातीत फार दुखतं गं. मालक पासपोर्ट देत नाही. मला घरी यायचंय."

अब्बांनी आधी हे भरलं होतं. मग पुसलं होतं.

नसीमाला हुंदका आवरेना. अश्लेषा हळूच म्हणाली, "याच्याही खाली एक थर आहे. मावशींचा असावा. लावू?"

झुबेदाबींनी कॅसेटची रिकामी डबी मिटली.

"नको गं. मीपण पहिलं बोललेलं पुसूनच धाडलं होतं."