खिळ्याची छपाई

देवासच्या आपल्या छापखान्यात रत्नाकरराव शेवटपर्यंत शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा हातानं जुळवून छापत राहिले. इंदूरहून ऑफसेटवर पत्रिका छापून आणणारा कुणी भेटला, की ते त्याला हटकून सुनावत, "भिया, ऑफसेटचं नुसतं दिसतं. खिळ्याचं छापलेलं बोटाला लागतं!"

शहाऐंशी साली ते गेले. मुलगा अरविंद त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पण सुतकात यंत्राला हात लावायचा नाही, हा नेमही रत्नाकररावांचाच. तेराव्याच्या पत्रिका तर लगेच धाडायला हव्या होत्या. शेवटी अरविंदनं मान खाली घालून त्या इंदूरहून छापून आणवल्या. ऑफसेटवर.

तेराव्याला धारहून वडिलांचे जुने स्नेही श्रीपादराव आले. शोकपत्रिका वाचली की फाडून टाकायची असते; त्यांनी मात्र ती खिशात जपून आणली होती. डोळे मिटून त्यांनी अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. अरविंदनं पुन्हा मान खाली घातली.

श्रीपादरावांचे डोळे भरून आले. "बघ अरविंदा, कसं बोटाला लागतंय! ये ऑफसेटवाले क्या खाके छापेंगे?"