वळण्यापुरती जागा
लोकांची घरं आखून पोट भरणाऱ्या लेकीने आज स्वतःच्या बाथरूमपुढे हात टेकले होते. उद्या गवंडी येणार, आणि स्क्रीनवरच्या नकाशात आईची व्हीलचेअर वळण्यापुरतं वर्तुळ काही केल्या बसेना. भिंतीला भिडून लालच होई. तिने बेसिन कोपऱ्यात सरकवलं, दार बाहेर उघडणारं केलं, शेवटी भिंतच ढकलली. पण मागे इमारतीचा खांब, त्यामुळे भिंत पुन्हा जागच्या जागी. वैतागून तिने सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. “सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, मॅडम,” पलीकडून उत्तर आलं. “बाथरूमच लहान आहे.” एवढं तिलाही कळत होतं. मागून खुर्चीतली आई म्हणाली, “अगं, मग तो गोलच जरा लहान कर की.” रडकुंडीला येऊन तिने केला. वर्तुळ हिरवं झालं. लेकीने वळून पाहिलं. आईने दोन्ही कोपरं पोटाशी घेतली होती. “बसेन गं मी, अंग चोरून.”